थ्रॉटल बदलण्याआधी सुई बघा

"थ्रॉटल बॉडी गेलीय, बदलावी लागेल." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशावरून? उत्तर ठरलेलं: स्कॅनरने सांगितलं. स्कॅनर बिचारा असं काहीच सांगत नाही. तो फक्त 'पी २१३५' हा दोषाचा कोड दाखवतो. याचा अर्थ थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचा आपसात मेळ बसत नाही, एवढाच. मेळ का बसत नाही? सेन्सर झिजला असेल, कनेक्टरच्या पिनवर हिरवं चढलं असेल, वायर कव्हरच्या आतल्या आत तुटली असेल, नाहीतर सेन्सरला मिळायला हवेत ते पाच व्होल्टच पुरते पोचत नसतील. हे शोधायचं काम माणसाचं. ते न करता अख्खं युनिट बदललं, की पैसे जातात आणि पावसाळ्यात तोच कोड परत येतो.

मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल आणि स्कॅनिंगचं काम करते. मेकॅनिकल बाजू बाबा बघतात. ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातले. "केबल होती तेव्हा तुटली की दिसायची तरी," हे त्यांचं पेटंट वाक्य, आणि त्यात तथ्य आहे. केबलवाल्या गाडीत पाय आणि झडप यांच्यात लोखंडी तार होती. आता पाय फक्त एक सेन्सर हलवतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तो वाचतो, इंजिनला हवा किती द्यायची ते ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या डीसी मोटरला हुकूम देतो. मोटर दोन-तीन प्लास्टिकच्या दात्यांमधून झडपेची गोल पाकळी फिरवते. पाकळी खरंच किती फिरली ते दोन सेन्सर ईसीयूला उलट कळवतात. बीएमडब्ल्यूने १९८०च्या दशकाच्या शेवटी मोठ्या सेव्हन सिरीजमध्ये हे आणलं. आज पेट्रोलच्या जवळपास प्रत्येक गाडीत हेच आहे, कारण क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल, आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणं) ही सगळी कामं त्या एकाच मोटरवर भागतात.

यातली स्प्रिंग लक्षात ठेवा. पाकळीला दोन बाजूंनी स्प्रिंगचा दाब असतो. मोटरचा करंट काढून घेतला की पाकळी पूर्ण बंद होत नाही, थोडीशी उघडी राहते. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडू नये, रांगत का होईना कडेला जाता यावं, म्हणून ही सोय. सेन्सरांच्या आकड्यांत ईसीयूला गडबड दिसली, की तो मोटरचा पुरवठा तोडतो आणि पाकळी त्या जागेवर येऊन थांबते. इंजिन नेहमीपेक्षा वर रेस होत राहतं, पेडल कितीही दाबा, काही फरक पडत नाही. लोक येऊन सांगतात, "ताई, चालता चालता पेडलच मेलं." पेडल मेलेलं नसतं. गाडीने ठरवून स्वतःला बांधून घेतलेलं असतं. ज्या यंत्रणेवर विश्वास राहिला नाही तिच्या हातात हवा सोपवायची नाही, हा ईसीयूचा नियम, आणि तो चांगला नियम आहे. बंद करून परत चालू केली की बऱ्याचदा गाडी ठीक चालते, कारण ईसीयू नव्याने तपासणी करतो आणि त्या क्षणी आकडे जुळतात. म्हणूनच हा दोष पकडायला त्रासदायक.

आता सुईकडे, म्हणजे व्होल्ट मोजणाऱ्या मीटरच्या सुईकडे, येते.

दोन सेन्सर असतात ते एकमेकांवर लक्ष ठेवायला. अनेक युनिटांत एकाचा व्होल्टेज पाकळी उघडेल तसा अर्ध्या व्होल्टच्या आसपासून साडेचारपर्यंत चढतो, आणि दुसऱ्याचा तेवढाच उतरतो. दोन्हींची बेरीज कुठल्याही क्षणी पाचच्या जवळपास आली पाहिजे. काही कंपन्या दोन्ही वर चढवतात, पण वेगवेगळ्या चढाने. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये बऱ्याचदा एक सिग्नल दुसऱ्याच्या निम्मा असतो. आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते वायरिंगच्या नकाशात बघायचं आणि मगच मीटर लावायचा. नाहीतर चांगल्या सेन्सरला वाईट ठरवून मोकळे व्हाल.

जुन्या युनिटांतले सेन्सर पोटेन्शिओमीटरचे असतात: कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची बारीक बोटं. असं युनिट उघडलं की मी आधी भिंग लावते. पट्टी काळी, गुळगुळीत, पण एका ठिकाणी, पाकळी जवळपास बंद असताना बोटं जिथे टेकतात नेमक्या तिथे, मळलेल्या पायवाटेसारखा चकचकीत पट्टा पडलेला असतो. गाडी सिग्नलला उभी असो की हळू चालत असो, पाकळी तेवढ्याच अंशांत सारखी थरथरत असते. ईसीयू आयडलिंग सांभाळायला तिला सेकंदाला कितीदा तरी किंचित हलवतो. घासून निघालेल्या कार्बनची पूड शेजारीच साचलेली दिसते. बाकी पट्टी नव्यासारखी. म्हणून अशा गाडीची तक्रार हायवेवर कमी आणि ट्रॅफिकमध्ये जास्त असते. ट्रॅफिकमध्येच झटके मारते असं कुणी म्हणालं, की माझं अर्धं निदान तिथेच होतं.

पण उघडण्याआधी बाहेरूनच कळलं पाहिजे. इंजिन बंद, इग्निशन चालू, कनेक्टरच्या मागून पिन घालून सिग्नल वायरला मीटर, आणि पेडल अगदी सावकाश खाली. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही पाकळी पेडलच्या मागे फिरते. डिजिटल मल्टिमीटर इथे लबाडी करतो. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधला खड्डा त्याला दिसतच नाही. बाबांचा जुना सुईवाला मीटर मात्र चुगली करतो. सुई एका लयीत चढत असते आणि त्या झिजलेल्या जागेवर आल्यावर किंचित फडफडते. माझ्या स्कोपकडे, म्हणजे सिग्नलची रेषा पडद्यावर काढणाऱ्या यंत्राकडे, बघून बाबा म्हणतात, "तुझ्या स्कोपला चार्जिंग लागतं, माझ्या सुईला नाही." मी म्हणते, "बाबा, तुमच्या सुईला दोष दिसतो, पण त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही." खरं सांगायचं तर काही मिलिसेकंदांचे खड्डे सुईच्याही हातून निसटतात. तिथे स्कोपच हवा. दोन्ही सिग्नल एका पडद्यावर लावायचे. चांगल्या युनिटच्या दोन स्वच्छ रेषा एकमेकींना छेदून जातात. झिजलेल्यात एका रेषेतून खाली उभा काटा निघतो आणि दुसरी शांत असते. एवढं दिसलं की वाद संपला, सेन्सर गेला.

नव्या युनिटांत घासणारं काही नसतं. चुंबक आणि त्याचं क्षेत्र न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर, नाहीतर कॉइलने ओळखणारी इंडक्टिव्ह पद्धत. ती झिजून मरत नाहीत. मरतात ती पाणी शिरून, टाके सुटून किंवा कनेक्टरच्या पायी. काहींत सिग्नलही व्होल्टेजचा नसून डिजिटल असतो, तिथे सुई काही कामाची नाही. आणि नेमक्या याच गाड्यांत वायरिंग न तपासता युनिट बदलायची घाई जास्त दिसते, हे मला अजून कळलेलं नाही.

झिजणाऱ्या पट्टीचं गाजलेलं उदाहरण व्होल्व्होचं. १९९९ ते २००१च्या तिच्या गाड्यांत मॅग्नेटी मारेल्लीचं थ्रॉटल मोड्यूल होतं. पट्टी झिजून इतक्या गाड्या लिंप मोडमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या रांगण्याच्या अवस्थेत, गेल्या, की अमेरिकेत कंपनीला त्या भागाची वॉरंटी १० वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. त्यातून एक शहाणा धंदा उभा राहिला. काही दुरुस्तीवाले तेच जुनं मोड्यूल घेऊन, आतली घासणारी पट्टी काढून, तिच्या जागी न घासणारा सेन्सर बसवून द्यायला लागले. मूळ भागापेक्षा दुरुस्त केलेला भाग चांगला, असं आमच्या धंद्यात क्वचित होतं.

आता थ्रॉटल बॉडी निर्दोष असते त्या गाड्यांबद्दल. अशा गाड्या थोड्या नसतात.

पहिली जागा पाच व्होल्टची लाइन. ईसीयू जी पाच व्होल्ट थ्रॉटलला देतो, तीच आतून आणखी दोन-तीन सेन्सरांना वाटलेली असते. एका गाडीत एसी लावला की थोड्या वेळाने लिंप मोड यायचा. युनिट आधीच कुणीतरी बदलून दिलेलं होतं, नवं कोरं. एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट होत होता आणि सगळी पाच व्होल्टची लाइन खाली ओढत होता. त्याचा कनेक्टर काढला, लाइन वर आली. एवढं शोधायला मीटर आणि धीर लागतो, नवा भाग नाही. म्हणून कनेक्टर काढून पुरवठा मोजायचा, मग जोडून परत मोजायचा आणि मग एकेक सेन्सर सोडवत जायचं.

दुसरी जागा अर्थिंगची वायर. सेन्सरच्या अर्थ वायरवर मीटर लावून इंजिन चालू ठेवा, लाइट आणि पंखा लावा. तिथे जवळपास शून्यच दिसायला हवा. चढू लागला तर ईसीयूला पाकळी हलल्याचा भास होतो. तिसरी जागा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि मधली वायर वर्षानुवर्षं वाकत राहते. इंजिन चालू असताना हार्नेस हातात धरून हळूहळू वाकवत न्या, स्कॅनरवर आकडा उडी मारतो का बघा. पिनांची पकड सैल झालेली असते तीही यात पकडली जाते.

आणि चौथी जागा पेडल. पी २१३८ हा कोड पेडलच्या सेन्सरांचा आहे, थ्रॉटलचा नाही. तरी पी २१३५ आणि पी २१३८ यांची गल्लत करून थ्रॉटल बदललेली गाडी माझ्यापर्यंत येते. पेडलवरून एक आठवलं. २००९-१०मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता. सरकारने तपास थेट नासाकडे दिला. फेब्रुवारी २०११मध्ये अहवाल आला. थ्रॉटल पूर्ण उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. रिकॉल झाले ते पेडलला अडकणाऱ्या मॅटमुळे आणि चिकटणाऱ्या पेडलमुळे. पण काही पेडल सेन्सरांत त्यांना टिनच्या केसासारख्या बारीक तारा उगवलेल्या दिसल्या. शुद्ध टिनच्या मुलाम्यावर अशा तारा आपोआप वाढतात आणि शेजारच्या पिनला जाऊन टेकतात. तेव्हापासून मी पेडलच्या सेन्सरकडे जरा आदराने बघते. आणि गाडीत एकावर एक दोन मॅट टाकलेली दिसली, की वरचं उचलून मागच्या सीटवर ठेवते, मालकाने विचारो न विचारो.

आता सफाई. पुष्कळ 'गेलेल्या' थ्रॉटल बॉड्या नुसत्या घाण झालेल्या असतात. क्रँककेसमधली तेलाची वाफ इनटेकमध्ये येते आणि पाकळीच्या कडेला काळा, चिकट थर बसवते. आयडलिंगला पाकळी आणि भिंत यांच्यात केसभर फट असते, तीच बुजते. मग ईसीयू पाकळी थोडी जास्त उघडून भागवून घेतो, आणखी बुजली की आणखी उघडतो, आणि हा हिशोब लक्षात ठेवतो. मालकाला महिनोन्महिने काहीच जाणवत नाही. मग एक दिवस बॅटरी बदलली जाते. ईसीयूची आठवण पुसली जाते, पाकळी पुन्हा मूळ जागेवर येते, आणि फट तर बुजलेली. सिग्नलला गाडी धापा टाकत बंद पडते. मालक म्हणतो, "नवी बॅटरी लावल्यापासून बिघडली." बॅटरीवाल्याशी त्याचं भांडणही झालेलं असतं.

सफाई करताना इग्निशन बंद, कनेक्टर काढलेला. शक्यतो युनिट बाहेर काढून करावी. काहींना गरम पाण्याचे, म्हणजे कूलंटचे, दोन बारीक पाइप जोडलेले असतात, म्हणून इंजिन थंड असतानाच हात घालायचा. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारायचा आणि कापडाने पुसायचं. थेट फवारा मारला तर तो शाफ्टच्या बेअरिंगमधून सेन्सरपर्यंत जातो. काही युनिटांच्या आत पाकळीच्या कडेला कारखान्यातूनच एक लेप दिलेला असतो, तो घाण समजून खरवडला की फट कायमची वाढते. ज्या कंपनीने सफाई करू नका असं छापलं असेल, तिचं ऐका. आणि कृपा करून पाकळी उघडी धरायला स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. मोटर चालू असताना पाकळी जबरदस्तीने ढकलली की आतले प्लास्टिकचे दाते त्याची किंमत मोजतात.

दात्यांची गोष्ट निघालीच आहे तर दुरुस्तीबद्दल माझं मत सांगून टाकते. मधल्या गिअरचा दात तुटला आणि त्या मॉडेलचा गिअर सुटा मिळत असेल, तर मी तो बदलते. सेन्सर झाकणात बसवलेला असेल आणि झाकण वेगळं मिळत असेल, तर तेही बदलते. झाकण उघडताना सील फाटतं, ते नवीन बसवायचं, जुन्यावर सिलिकॉन थापायचा नाही. मोटरच्या पिनांचा टाका सुटला असेल तर तो परत लावते. पण कार्बनच्या पट्टीवर पेन्सिल घासणं, बोटं वाकवून ती पट्टीच्या न झिजलेल्या भागावर सरकवणं, तुटका दात चिकटवणं, असली कामं मी करत नाही. चार दिवस गाडी मस्त चालते, हे मला माहीत आहे. पण इंजिनला हवा देणाऱ्या भागावर चार दिवसांचा उपाय नको. स्प्रिंग थकली असेल तरही माझ्या लेखी युनिट बाद. ही तपासणी सोपी आहे: कनेक्टर काढून पाकळी बोटाने अलगद आधी उघडायची, मग बंद करायची. दोन्ही वेळा ती न अडकता स्वतःहून त्याच मधल्या जागेवर परत आली पाहिजे. रेंगाळली तर तिला गाडीत परत लावू नका.

नवीन घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला हुबेहूब युनिटांत सेन्सरचा चढ वेगळा असू शकतो, आणि मग नव्या भागावरही पी २१३५ येतो. भंगारातलं घ्यायचं असेल तर घासणाऱ्या पट्टीचं घेऊ नका. दुसऱ्याच्या गाडीत अर्धं आयुष्य घालवून आलेली पट्टी आहे ती. हॉल सेन्सरवालं चालेल, बेंचवर दोन्ही रेषा बघून. गॅस्केट नवं टाका, बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळा. ॲल्युमिनियमची बॉडी जास्त आवळली तर वाकते आणि पाकळी भिंतीला घासू लागते. बाबा इथे मनगटावर भरवसा ठेवतात, मी टॉर्क रेंचवर. त्यावर आमचं एकमत होणार नाही.

बसवलं म्हणजे झालं नाही. ईसीयूला नव्या पाकळीच्या दोन टोकांची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या इग्निशन चालू ठेवून थोडा वेळ थांबलं की स्वतःच शिकतात, पाकळीचा बारीक कुरकुर आवाज येतो. फोक्सवॅगन गटाच्या कितीतरी जुन्या गाड्यांत स्कॅनरवरून बेसिक सेटिंगमध्ये ग्रुप ०६० निवडावा लागतो. निसानमध्ये आयडलिंगच्या हवेचं वेगळं शिक्षण असतं. बॅटरी अर्धमेली असेल, इंजिन गरम नसेल किंवा एसी चालू असेल, तर ही शिकवणी मधेच सुटते आणि गाडी हजार आरपीएमवर हुंदडत राहते. सफाईनंतर आयडलिंग वर राहिलं तर तेही यातलंच: फट मोकळी झाली, पण ईसीयू अजून जुन्या हिशोबाने पाकळी उघडतोय. शिकवूनही उतरलं नाही तर गॅस्केट किंवा एअर होजमधून चोरटी हवा जातेय का ते बघा.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: तुमच्याही गाडीत बहुतेक एक पाकळी असते, पण ती वेग ठरवत नाही. डिझेलची ताकद इंधनाने ठरते. ती पाकळी ईजीआरला (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेला) मदत करते आणि इंजिन बंद करताना हवा तोडून धक्का कमी करते. ती अडकली तरी लक्षणं वेगळी असतात, त्यामुळे वरचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू करू नका.

काम झाल्यावर मी गरम इंजिनचं आयडलिंगचा थ्रॉटल अँगल, म्हणजे पाकळी किती उघडी आहे तो स्कॅनरवरचा आकडा, मालकाच्या सर्व्हिस बुकात पेनने लिहून देते. पुढच्या सर्व्हिसला तोच आकडा परत बघायला सांगा. तो गाडीगणिक वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना नको. त्याच गाडीत तो हळूहळू चढत असेल तर घाण बसतेय, एकदम उडी मारली असेल तर वायर बघा. आणि जुनं युनिट बदललं असेल तर ते मागून घ्या. नव्यावर तोच कोड परत आला, तर दोष जुन्यात नव्हताच हे दाखवायला तेच हातात लागतं.